काकीच्या अर्ध्या भिंतीचा रंग

“पुढं ओढ.”

मी शिडीवर होते. डाव्या हातात रंगाचा डबा, उजव्या हातात ब्रश आणि नाकासमोर ती रेघ. आवाज खालून आला म्हणून खाली बघितलं, तर कौसाकाकी. माझी सख्खी चुलती. आमच्या घरातल्या माणसांशी सोडा, आमच्या मांजराशीसुद्धा ती सहा-सात वर्षांत बोलली नव्हती.

“काय?”

“ब्रश गं. पुढं ओढ. माझ्याकडं.”

“तुझ्याकडं कशाला?”

“लाव म्हणते तर लाव की मुकाट्यानं. का जीभ बघायची हाय माझी?”

तिनं एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, पदर खोचला, आत गेली आणि आतून कडी घातली. मी तशीच. रंगाचा एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला तरी मला कळेना की ही बाई खरंच बोलली का उन्हानं माझं डोकं फिरलंय.

आता ही रेघ कसली ते सांगते. आमचं घर एकच. एक आढं, एक कौलारू छप्पर, पुढं एक लांबलचक ओसरी. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकीचा नवरा दिनकरतात्या, यांचं न्हाणीच्या पाण्यावरून वाजलं. पाणी कुणाच्या दारातून जायचं यावर दोन सख्खे भाऊ विळे घेऊन उभे राहिले. मग पंच बसले. त्यांनी आढ्यापासून ओळंबा सोडला आणि त्याच्या खुणेनं दर्शनी भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली. घरात मधे विटांची भिंत चढली. कागदावर मात्र कुणी काही केलं नाही. उताऱ्यावर दोघांची नावं एकत्र ती एकत्रच. सगळी वाटणी होती ती रंगाची. आमच्याकडं चुना, त्यांच्याकडं निळा. दिवाळीला दोन्हीकडचे कुंचले रेघेपाशी येऊन थांबायचे. एकदा गांधीलमाश्यांनी बरोबर रेघेवर पोळं केलं, तर दोन वर्षं ते कुणी काढलं नाही. आमच्याकडं दोघांना चावा, त्यांच्याकडं एकाला.

आबा गेले ते हेच सांगून गेले, “रेघ वलांडू नका. दिन्या कोर्टात खेचंल. कोर्टात गेलेलं घर परत येत न्हाई.”

आणि ही बाई म्हणते पुढं ओढ.

मी शिडीवरून उतरले आणि आत गेले. आई शहाबादी फरशीला रॉकेलचा बोळा फिरवत होती. रॉकेलनं फरशी चमकते आणि घरभर वास सुटतो, पण वास काय रविवारपर्यंत जाईल असा तिचा हिशेब. रविवारी पावणे येणार होते. माझ्या दादासाठी, हणमंतसाठी, मुलगी ठरत होती. मुलगी बघून झाली होती, पसंत पडली होती, आता तिची माणसं घर बघायला येणार होती. हल्ली आमच्या भागात असंच आहे. मुलगा सूतगिरणीत कायम आहे का, निर्व्यसनी आहे का, हे सगळं नंतर. आधी घर. आधी आलेल्या दोन जागा, म्हणजे स्थळं, ओसरीवरूनच परत गेल्या होत्या. एकीतल्या मामानं पोपडे निघालेल्या भिंतीला बोट लावलं, चुना बोटावर आला, तो त्यानं आमच्याच उंबऱ्याला पुसला आणि म्हणाला, “कळवतो.” दादानं तेहतिशी ओलांडली होती. ही जागा गेली तर पुढं जागाच नव्हती. हे तो बोलायचा नाही, पण गिरणीतून आला की दाढी करून बसायचा. कुणी अचानक आलं तर म्हणून.

तर घर सजवायचं होतं, आणि खिशात हवा. रंगारी परवडत नव्हता म्हणून रंगारी मीच. नवऱ्यानं टाकून दिल्यापासून मी माहेरीच होते. रिकामे हात घरात होतेच. तालुक्याच्या दुकानात कुणा हॉटेलवाल्यानं बनवून घेतलेला आणि पसंत न पडल्यानं परत टाकलेला रंग होता, मोठ्ठी बादली. पिकल्या पपईचा रंग. दुकानदारानं तो जवळजवळ हात जोडून दिला. आईच्या दोन जुन्या पातळांचे पडदे शिवले, फुटक्या फरशीवर सतरंजी टाकली, शाळेच्या मास्तरांकडून खुर्च्या मागून आणल्या. पत्र्याच्या तुकड्यानं चुन्याचे पापुद्रे खरवडून माझी नखं झिजली होती. भिंत आता रेघेपर्यंत पपई झाली होती.

“आई, काकी बोलली.”

आईचा हात थांबला. “कुणाला?”

“मला. म्हणती, रंग तिच्या भिंतीवर बी लाव.”

“दात काढत सांगितलं का?”

“न्हाई. आजूबाजूला बघून, हळू.”

आईनं बोळा पिळून बाजूला ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, तिच्या नादाला लागू नको. सापळा असणार. रंग लावायचा, मग तात्याला फोन करायचा, पंचनामा, पोलीस, कोर्ट. तात्या तिकडं तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. सोनं गाळायला गेलेला माणूस. वर्षाकाठी एकदा येतो, चार दिवस बायकोला शिव्या घालतो आणि जातो. त्याला भांडायला कारणच पाहिजे असतं.

“लाव मग,” आई म्हणाली.

“आई!”

“इतक्या सालात तिनं तोंड उघडलंय, त्ये काय उगंच उघडलं असंल व्हय?”

“मग विचारून तरी येऊ का, का म्हणून?”

“सांगायचं असतं तर सांगितलं असतं की तिनं. कडी घातली म्हणतीस न्हवं? मग.”

“आणि आबा काय म्हणून गेले?”

“आबा म्हणून गेलं. मी न्हाई गेले अजून.”

मी परत शिडीवर. खरं सांगते, रेघेपाशी ब्रश दोनदा परत डब्यात बुडवला, तिसऱ्यांदा पलीकडं टेकवला. भिंत तीच, विटा त्याच, मातीसुद्धा त्याच ओढ्याची. पण वाटलं कुणीतरी मागून मुंडकं धरणार. निळ्यावर पपई बसेना. रंगाचा एक हात दिला तरी जवळून खालचा निळा दिसतच राहिला, आजारी माणसाच्या अंगावरच्या काळ्या-निळ्या डागासारखा. खाली खिडकीचं दार बोटभर उघडलं होतं. त्या फटीतून काकीचा एक डोळा मला दिसत होता. मी बघितलं की फट बंद. मी रंग लावायला लागले की फट परत उघडी.

संध्याकाळी दादा आला. सायकल भिंतीला लावली आणि भिंतीकडं बघत उभा राहिला.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“डोकं फिरलंय का तुझं, माले?”

“काकीनं सांगितलं. आई लाव म्हणाली.”

“काकीनं?” तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “परवा पावणं येणार. परवाच तात्या आला आणि वसरीवर उभं राहून बोंबलला तर? आई, तुला माझं लगीन करायचंय का मोडायचंय ते एकदा सांगून टाक बाई.”

“जेव आधी,” आई म्हणाली.

“जेवत न्हाई.”

“मग उपाशी नीज. भिंत काय पुसायची न्हाई आता.”

तो खरंच उपाशी झोपला. आईला विचारलं तर ती म्हणायची, “मला तरी काय ठावं?” आणि तिचा चेहरा बघून कळायचं की तिला खरंच ठाऊक नाही. याचाच जास्त राग येत होता. ठाऊक नसताना ही बाई पोराच्या लग्नावर पाणी सोडायला निघाली होती, तेही अशा जावेसाठी, जी आबांच्या तेराव्यालासुद्धा भिंतीपलीकडं बसून राहिली होती.

रविवार उजाडला. पावणे वेळेवर आले. मुलीचे वडील घाडगे, तिचे मामा आणि एक म्हातारी आत्या. मला आईनं सकाळीच सांगितलं होतं, “तू आत चुलीपाशी बस बाई.” का, ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. टाकलेली बहीण घरात आहे हे कळलं की पोरीकडचे म्हणतात, ही कायमची नणंद उरावर. मी भिंती खरवडायला चालत होते, दिसायला चालत नव्हते. मी पडद्यामागं बसले. पडदा आईच्या पातळाचा, त्याला पण रॉकेलचा वास.

घाडगे ओसरीवर उभे राहून वर बघत होते. “घर लांबलचक हाय की वो. फोटोत एवढं वाटलं न्हवतं.”

मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. “ह्ये सगळं तुमचंच?”

प्रश्न दादाला होता. तो बिचारा खोटं बोलायला शिकलाच नाही. त्यानं आईकडं बघितलं.

आई म्हणाली, “चहा घ्या की आधी.”

“रंग बी झ्याक हाय,” आत्या म्हणाली. “उजेड पडतोय नुसता. आमच्या पोरीचं त्वांड उजळून निघंल.”

मला आत हसू आवरेना. पपईच्या बादलीनं काम केलं होतं. अर्धं घर अख्खं झालं होतं आणि हे लोक आतून होकार गिळून बसले होते, फक्त पोहे संपायची वाट. क्षणभर मला वाटलं, काकीनं यासाठीच तर नाही सांगितलं? दादाचं लग्न व्हावं म्हणून? मग वाटलं, तिला काय पडलंय आमच्या दादाचं! कशाचाच मेळ लागेना.

मामांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, “मग बैठक कधी धरायची?”

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

तात्या उतरला. त्याच्या मागून एक जाडजूड माणूस उतरला, बोटांत अंगठ्या, काखेत रेक्झिनची पिशवी. तात्या येणार हे आम्हाला माहीत नव्हतं. तो हसत हसत त्या माणसाला म्हणत होता, “या शेठ, ह्ये बघा, ही निळी बाजू आपली...” आणि त्यानं हात वर केला. हात वरच राहिला.

“माझी बाजू कुठाय?”

काय तोंड झालं होतं त्याचं! बाजारात म्हैस बांधून पाणी प्यायला गेलेला माणूस परत येऊन नुसता खुंटा बघतो, तसं.

काकीचं दार धाडकन उघडलं.

“बघा! बघा वो बघा! डोळं फाडून बघा तुमच्या वयनीचं काम! दिवसाढवळ्या भिंत खाल्ली माझी! मी बाई एकटी, कुणाला सांगू? नको नको म्हणत पाया पडले, तर म्हणतात आमचंच हाय सगळं! कोर्टात जाणार म्हणतात! वकील गाठलाय म्हणतात!”

माझ्या कानातून जाळ निघाला. पडदा फाटला का निघाला मला माहीत नाही, मी बाहेर आले ती ओरडतच. “काकी, खोटं बोलायला लाज वाटत न्हाई? तूच मला...”

आईनं माझं मनगट धरलं. आई साठीची, हाडांचा सापळा. पण तशी पकड मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाची अनुभवली नाही. मनगटात तिची नखं रुतली. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या अंगठीवाल्याकडं, त्याच्या काखेतल्या पिशवीकडं आणि मग काकीकडं बघत होती. काकी छाती बडवून घेत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. डोळे नुसते आईवर खिळलेले.

“लावला रंग,” आई म्हणाली. एकदम मोठ्यानं. “आमचंच हाय ते. थोरल्याचा वाटा जास्तच असतो. आमाला कमी आलं होतं, आता घेतलं. काय करायचं ते करा.”

“वयनी!” तात्या ओरडला. “पंच बसलं होतं! रेघ मारली होती!”

“कुठाय रेघ? दावा की भावजी. कागुद हाय का कागुद?”

दादा खाली बसला.

अंगठीवाला दोन पावलं मागं सरकला. “दिनकरराव, तुम्ही म्हणाला होता, वाटणी सरळ हाय, वाद न्हाई. म्हणून मी आलो.”

“वाद न्हाईच शेठ! ही बाई आज बोलती हाय...”

“उतारा एकत्र, भिंत एकत्र, आणि ह्या बाई कोर्ट म्हणतात. मला दुकानाची वखार करायची हाय, तारखा न्हाई खायच्या.” तो गाडीत जाऊन बसला. तात्या त्याच्या मागं काचेशी बोलत धावला. गाडी गेली, तसा तो धुसफुसत परत आला आणि काकीच्या दारातून आत शिरला.

इकडं पावण्यांनी चहाच्या बश्या खाली ठेवल्या होत्या. घाडगे टोपी नीट करत होते. आत्यानं माझ्याकडं बोट केलं, “आणि ही कोण?”

“माझी लेक,” आई म्हणाली.

“नांदती न्हाई व्हय?”

“न्हाई.”

एकाच दमात आईनं सगळं उघडं केलं. घाडगे दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझ्याबद्दल आमचं काय म्हणणं न्हाई, बाबा. पोरगा गुणी हाय. पर आम्ही पोरगी भांडणात कशी देणार?” चांगला माणूस होता. कळवतो म्हणाला नाही.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि मी आईवर तुटून पडले.

“झालं समाधान? मिळालं काय? तिनं सांगितलं म्हणून लावला, आणि तिनंच चोर केलं आपल्याला. आणि तू हो म्हणालीस! हो म्हणालीस, आई! तोंडातून जात कसं तुझ्या?”

“हळू बोल.”

“का हळू? गावाला ऐकू दे!”

“दिनकर आत हाय तिच्या. हळू बोल म्हणते.”

तिनं मला चुलीपाशी ओढत नेलं. दादा मागून आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. आईचा आवाज इतका खाली गेला होता की वाकून ऐकावं लागत होतं.

“भावजीनं तिकडं दुसरं बिऱ्हाड केलंय. त्येला दोन पोरं बी हायती. सगळ्या गावाला ठावं हाय. हिला पोर न्हाई, म्हायार न्हाई. ही बाजू इकली की तो हिला कुठं न्हेणार हुता? तिकडं? त्या बाईची भांडी घासायला? का सोडणार हुता यष्टी स्टँडावर?”

“तो विकणार हे तुला ठाऊक होतं?”

“न्हाई गं. त्यो शेठ पिशवी घिऊन उतरला तवा कळलं. कौसीला तिथं त्वांड उघडून न्हाई म्हणता येत न्हवतं. नवऱ्याचं घर, नवऱ्याची सही. तिला वाद पायजे हुता. वाद असला की इकत न्हाई.”

“मग आधी सांगायचं! आपण वेगळं काहीतरी केलं असतं!”

“सांगितलं असतं तर तुला आज असा राग आला असता का? तुझं त्वांड बघूनच पळाला त्यो शेठ.”

ते पटलं. पण राग गेला नाही. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही. राग कुणावर, तेच नीट कळत नाही. काकीवर, जिनं आम्हाला न विचारता आमचं काहीतरी वापरलं? आईवर, जिनं एका डोळ्याच्या खुणेवर पोराचं लग्न टाकलं? का त्या पंचांवर, ज्यांनी भिंतीला रेघ मारली आणि बायकांना विचारलंसुद्धा नाही की तुमचं कुठं?

“आणि दादा?” मी विचारलं. “दादाचं काय मग, आई?”

आईनं चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं.

दादा चौकटीपासून हलला. मला वाटलं बाहेर जाईल, सायकल काढेल, कुठंतरी जाऊन बसेल. तो बाहेरच गेला. पण सायकलचा आवाज आला नाही. शिडी ओढल्याचा आवाज आला.

मी ओसरीवर आले. ऊन उतरलं होतं. दादानं पावण्यांसाठी घातलेला कडक इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला होता, आणि तो बनियनवर शिडी चढत होता, काकीच्या बाजूला. बादलीच्या तळाशी उरलेला रंग त्यानं ढवळून डब्यात घेतला होता. तो निळ्यावर दुसरा हात मारायला लागला. पहिल्यांदा सावकाश, मग भराभरा, दात-ओठ खाऊन. मी जाऊन शिडी धरली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

काकी दारात आली. तिनं वर बघितलं. तिचा खालचा ओठ हलत होता. मला वाटलं आता रडेल. आता पदर तोंडाला लावेल, दादाचं नाव घेईल, आणि इतक्या वर्षांनी सगळंच फुटेल.

आतून तात्याचा आवाज आला, “काय चाललंय गं भायेर?”

काकीनं कमरेवर हात ठेवले, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा गळा काढला.

“काय चालणार! लुटत्यात मला! मेल्यांनो, मुडदं बसवलं तुमचं! अरं चोरा, हणम्या, वरचा कोपरा तसाच ठेवलास, तो काय तुझा बाप येऊन रंगवणार हाय?”

दादानं वर बघितलं. कोपरा खरंच राहिला होता.

“शिडी सरकव, माले,” तो म्हणाला.